इतिवृत्तात मी हजर होते

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, "रुग्णसेवेतल्या हृद्य आठवणी लिहा, सिस्टर." हृद्य आठवणी माझ्याकडे ढीगभर आहेत. जुळी झाली म्हणून पेढ्यांऐवजी दोन पोती कांदे आणून टाकणारा बाप आहे, धनुर्वाताचं इंजेक्शन बघून खिडकीतून उडी मारून पळालेला पैलवान आहे. पण त्या लिहायला बसले की पेन भलतीकडेच जातं. तेव्हा आधीच सांगून टाकते, मी संडासाबद्दल लिहिणार आहे. फराळाच्या ताटापुढे हे नको वाटत असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

माझं माहेर पाबळचं. नवरा रेल्वेत, त्यामुळे संसार दौंडच्या क्वार्टरमध्ये झाला आणि नोकरी मात्र भीमेच्या काठाकाठानं. कधी दौंड तालुक्यात, कधी पूल ओलांडून शिरूर तालुक्यात. सरकारी नर्स म्हणून बत्तीस वर्षं काढली. आजही मांडवगण फराट्याच्या बाजारात भाजी घेताना मागून कुणीतरी "सिस्टर!" म्हणून ओरडतं आणि एक दाढीवाला बाप्या पुढे करून म्हणतं, "ह्यो तुमच्याच हातचा." ते ऐकलं की अजून बरं वाटतं, खोटं कशाला सांगू?

शहरातल्या वाचकांना प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. पंचवीस-तीस हजार माणसांमागे एक इमारत असते. डॉक्टर एक, नशीब असेल तर दोन. ते येतात, वर्ष-दोन वर्षं राहतात आणि पुढच्या शिक्षणाला जातात. राहते ती नर्स. कुणाच्या घरात कुणाची पाळी चुकली हे सासूच्या आधी तिला कळतं. बाळंतपणं ती करते, लसी ती टोचते, साथ आली तर पाण्यात औषध टाकायला विहिरींवर तीच फिरते. आणि एवढं असून केंद्राबद्दल काही ठरवायचं झालं तर तिला विचारावं असं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. फार तर "सिस्टर, चहा किती कप लागंल?" एवढं विचारतात.

ठरवायला एक समिती असते. अध्यक्ष, सरपंच, डॉक्टर, गावातले चार मान्यवर आणि नियमात लिहिलंय म्हणून एक नर्स. मी ज्या केंद्राबद्दल सांगते आहे तिथली ती नर्स मी होते. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्या गावाला वाटेल आपलीच बदनामी झाली, आणि बाकीची गावं सुटतील.

आमच्या समितीचे अध्यक्ष होते आबा. मोठे बागायतदार, सोसायटीत वजन, शब्द खाली पडत नसे. माणूस वाईट नव्हता. उन्हाळ्यात केंद्राची टाकी कोरडी पडली की त्यांच्याच विहिरीचं पाणी यायचं. सरपंच होत्या सुमनताई, पण सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं म्हणून. गाव सरपंच म्हणायचं त्यांच्या नवऱ्याला, बापूंना. मिटिंगला बापू यायचे, सरपंचांच्या खुर्चीत बसायचे, सरपंचांचा चहा प्यायचे. रजिस्टर संध्याकाळी घरी जायचं आणि ताई पिठाचे हात पुसून सही करायच्या.

माझी तऱ्हा वेगळी नव्हती. मिटिंग नेहमी बुधवारी ठेवत, कारण बुधवारी सगळे हमखास केंद्रावर सापडतात. बुधवार म्हणजे लसीकरणाचा वार. शंभर पोरं रडत असतात, मी घामाघूम, आणि पलीकडच्या खोलीत माझी हजेरी लावून मिटिंग चाललेली. ती संपली की क्लार्क रजिस्टर घेऊन यायचा आणि म्हणायचा, "सिस्टर, इथं एक सही मारा." मी एका हातात सिरिंज धरून दुसऱ्या हातानं सही मारायची.

अशाच एका बुधवारी नव्या इमारतीचा आराखडा मंजूर झाला. त्या पानावरही मी सही मारली. वाचलं नाही. पुढे बाकीच्यांवर तोंड सोडणारच आहे, तेव्हा सुरुवात स्वतःपासून केलेली बरी.

इमारत उभी राहिली, नारळ फुटला, कोनशिलेवर नावं कोरली गेली. मी आत जाऊन पाहिलं. मिटिंग हॉल असा की बघत राहावं. काचेचं टेबल, फिरत्या खुर्च्या आणि हॉलला लागूनच संडास-बाथरूम, आरसा, हात वाळवायचं यंत्रसुद्धा. मिटिंग नसली की हॉलला कुलूप. शेजारी लेबर रूम, म्हणजे बाळंतपणाची खोली. चकचकीत फरशी, नवं टेबल, आणि संडास नाही. बायकांचा संडास इमारतीच्या मागे. लेबर रूममधून निघायचं, पुरुष पेशंट बसतात तो सबंध व्हरांडा ओलांडायचा, दोन पायऱ्या उतरायच्या, मोटारसायकलींमधून वाट काढायची. मी पावलं मोजली. बेचाळीस भरली.

यात एवढं काय, असं वाटेल. म्हणून धंद्यातली एक गोष्ट सांगते. बाळाचं डोकं खाली सरकलं की बाईला जोराची परसाकडं लागल्यासारखं वाटतं. ते परसाकडं नसतं, ते बाळ असतं. पहिलटकरणीला तरी थोडी सवड मिळते. तिसऱ्या-चौथ्या खेपेच्या बाईला त्या वाटण्यात आणि बाळ हातात येण्यात कधीकधी दोन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. म्हणून बाळंतपणाच्या खोलीला लागून संडास लागतो, बाई आपल्या नजरेआड जाता कामा नये. हे कुठल्याही सुईणीला, कुठल्याही आजीला ठाऊक असतं. ज्यांना ठाऊक नव्हतं ते सगळे नेमके त्या मिटिंगला हजर होते.

मी आबांना गाठलं.

"आबा, लेबर रूमला संडास नाही."

"आवो सिस्टर, मागं हाय की! चांगला टाइल्स लावून घेतलाय."

"कळा सोसणाऱ्या बाईनं तिथवर जायचं कसं?"

"आमच्या आया बांधावर बाळंत झाल्या. तवा कुठं व्हता संडास?"

"तेव्हा मिटिंग हॉलही नव्हता, आबा."

आबा मनापासून हसले. "बोलायला झ्याक हाय तुम्ही. घेऊ की पुढच्या मिटिंगला विषय." पुढच्या चार मिटिंगा झाल्या. विषय आला नाही. मी लसी टोचत राहिले.

याच सुमारास नव्या डॉक्टर मॅडम आल्या. हिंगोलीकडची मुलगी, पहिलीच नेमणूक. कागदावर ती केंद्राची प्रमुख आणि समितीची सचिव. प्रत्यक्षात आबा तिला "पोरी" म्हणायचे आणि तिची खुर्ची दाराजवळ, पंख्याचा वारा येत नाही तिथं असायची. पेशंट तिच्यासमोर उभे राहून आमच्या औषधवाल्याला विचारायचे, "डॉक्टर कुठं गेलं?" तिनं संडासासाठी दोनदा वर लिहिलं. उत्तर आलं की इमारत आराखड्याप्रमाणे पूर्ण झालेली असून सध्या बदल करता येणार नाही. ते पत्र तिनं मला दाखवलं आणि म्हणाली, "सिस्टर, मी इथली इनचार्ज आहे म्हणजे नेमकी कशाची इनचार्ज आहे?"

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला. बीडकडच्या टोळ्या आल्या, नदीकाठानं त्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या, पडल्या. आणि एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला कौसल्या आली. पंचविशीची असेल. तिसरं बाळंतपण. पहाटेपासून कळा येत होत्या तरी फडावर मोळ्या बांधून आली होती, केसांत उसाचं पाचट होतं. मी तपासलं. पिशवीचं तोंड निम्म्याहून थोडं जास्त उघडलेलं. तिला टेबलावर घेतलं आणि बजावलं, "उठायचं नाही. काही वाटलं तर हाक मार."

बाहेर लसीकरणाची रांग. दुसरी नर्स रजेवर. डॉक्टर मॅडम विंचू चावलेल्या म्हाताऱ्यापाशी. मी दर दोन पोरांमागे आत डोकावत होते. मग एका बाळाला टोचल्यावर ते निळं-काळं पडायला लागलं, रडता रडता श्वास धरला होता, त्याच्या आईनं हंबरडा फोडला. त्याला उलटं धरून थोपटून जागेवर आणेपर्यंत पाच मिनिटं गेली.

त्या पाच मिनिटांत कौसल्याला परसाकडं लागल्यासारखं वाटलं. नवीन पांढरं टेबल खराब होईल, लोक काय म्हणतील, म्हणून तिनं हाक मारली नाही. रांगेतल्या एका बाईला विचारून भिंतीला धरत धरत ती व्हरांड्यातून निघाली. बीपी-शुगर तपासायला आलेले पंधरा-वीस बाप्ये दोन्ही बाजूंनी बसलेले. ती पायरीपर्यंत पोचली आणि तिथंच खाली बसली.

"सिस्टर!" कुणीतरी ओरडलं. मी धावले तेव्हा डोकं बाहेर आलं होतं. खाली उघडी फरशी. मी गुडघ्यांवर पडून हात पुढे केले आणि पोर माझ्या ओंजळीत आली. रांगेतल्या बायकांनी आपापली मुलं खाली ठेवली आणि पदर पसरून भोवती कडं केलं. कुणी सांगावं लागलं नाही. एका बाप्यानं मोबाईल वर धरला होता. नातवाला लस द्यायला आलेली धनगराची एक म्हातारी होती, तिनं काठी त्याच्या मनगटावर अशी हाणली की मोबाईल पायऱ्यांवरून घरंगळत गेला. "आईच्या पोटातनं आलायस का झाडाला लागलावतास रं?" असं ती म्हणाली. मुलगी रडली, रंग चांगला होता. कौसल्याला मात्र मोठी इजा झाली होती. डॉक्टर मॅडमनी बराच वेळ बसून टाके घातले. कौसल्या एकदाही ओरडली नाही. डॉक्टर मॅडमच्याच डोळ्यांतून पाणी येत होतं.

एक मोबाईल फुटला म्हणून काय झालं, दुसरे होतेच. संध्याकाळपर्यंत ते चित्रण तालुकाभर फिरलं. दोन दिवसांनी वरच्या ऑफिसातून हुकूम आला की संबंधित परिचारिकेला नोटीस द्या. नोटीस द्यायची प्रमुखानं, म्हणजे डॉक्टर मॅडमनी. ती कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आली आणि उभीच राहिली. "सही माझी आहे, सिस्टर. शब्द माझा एकही नाही."

मी वाचली. प्रसूत होणाऱ्या महिलेस एकटे सोडून कर्तव्यात कसूर केला, हे मला अपेक्षित होतं. पुढचं वाक्य अपेक्षित नव्हतं. "सदर इमारतीच्या आराखड्यास आपण स्वतः सभेस उपस्थित राहून संमती दिल्याचे इतिवृत्तावरून दिसून येते, सबब सुविधेच्या अभावाचे कारण आपणास देता येणार नाही."

मी क्लार्ककडून रजिस्टर मागून घेतलं आणि नोकरीत पहिल्यांदा ते पान वाचलं. उपस्थितांत मी होते. सुमनताई होत्या. आराखडा सर्वानुमते मंजूर होता. आणि खाली लिहिलं होतं, "महिला सदस्यांनी विशेष समाधान व्यक्त केले."

ते रजिस्टर मी डॉक्टर मॅडमना सांगून तसंच उचललं आणि सुमनताईंचं घर गाठलं. त्या अंगणात कांदा निवडत होत्या. सातवीपर्यंत शिकलेल्या. बोट ठेवून ठेवून त्यांनी सगळं पान वाचलं.

"सिस्टर, ही विशेष समाधान म्या कवा केलं वो?"

"मी केलं तेव्हाच, ताई."

"त्या दिशी तर मी भावाच्या गावाला व्हते. आल्यावर ह्यांनी म्हटलं, औषधाचं कायतरी हाय, कर सही." त्यांनी त्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "माझी धाकटी येणार हाय बाळंतपणाला, होळीच्या आत. तिनं बी त्या बाप्यांच्या मधनं जायाचं म्हंजी?" मी म्हटलं, "आहे तसं राहिलं तर तिथूनच." ताईंनी रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं. "मिटिंग कवा हाय?"

मिटिंग कधी हे सचिवानं ठरवायचं असतं, हे डॉक्टर मॅडमला नियमांच्या पुस्तकात सापडलं. आजवर आबांचा फोन यायचा आणि ती "हो" म्हणायची. या वेळी तिनं शुक्रवार लिहिला, विषय लिहिला आणि पत्रं सगळ्यांच्या घरी पाठवली. शुक्रवारी लस नव्हती. मी चहासुद्धा ठेवला नाही.

मी आत गेले तर सगळे स्थिरस्थावर झालेले. बापू सरपंचांच्या खुर्चीत. माझ्या मागून सुमनताई आल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"आवो, उठा."

"अगं, काय ही? घरी बोलू."

"घरी लई बोललो. ही खुर्ची माझ्या नावावर हाय. उठा."

बापूंनी आबांकडे पाहिलं. आबांनी पंख्याकडे पाहिलं. बापू उठले. ताई बसल्या आणि शेजारची खुर्ची ओढून मला म्हणाल्या, "बसा सिस्टर." इतक्या वर्षांच्या नोकरीत मिटिंगमध्ये मी पहिल्यांदा खाली टेकले.

मी इतिवृत्त मोठ्यानं वाचून दाखवलं. "विशेष समाधान" आलं तेव्हा एक मान्यवर खोकले.

आबा म्हणाले, "पर सिस्टर, सही तर तुमचीच हाय ना?"

"माझीच आहे, आबा. न वाचता केली, हा माझा गुन्हा. मी तो लेखी कबूल करते. पण मी हजर होते हे तुम्ही लिहिलंत. मी कुठं होते, हे तुम्हाला पलीकडून ऐकू येत होतं. शंभर पोरं रडत होती."

मग बाकीचे बोलायला लागले. वरून मंजुरी लागेल, मागच्या बाजूला पत्र्याचं काहीतरी करता येईल, त्या बाईची स्वतःची काही तक्रार आहे का? ती बाई टाके घेऊन सातव्या दिवशी मोळ्या बांधायला गेली होती. तिनं तक्रार कुणाकडे करायची आणि कधी? डॉक्टर मॅडम उभी राहिली. "भिंत पाडायची नाही, पैसे लागत नाहीत. हा हॉल आणि लेबर रूम यांची अदलाबदल करायची. टेबल इकडे आणायचं, काच तिकडे न्यायची. केंद्रातल्या खोल्या कशा वापरायच्या हे ठरवायचा अधिकार प्रमुखाला आहे. तरी मी समितीपुढे ठेवते."

"पोरी, वरचं साहेब लोक येत्यात," आबा म्हणाले. "त्यांना संडासाबिगर बसवायचं का?"

"व्हरांड्यात बसवा," सुमनताई म्हणाल्या. "तिथं बाई बाळंत झाली, सायबाला बसाया काय हुतंय?"

ठराव झाला. तो डॉक्टर मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहिला, वाचून दाखवला आणि मगच सह्यांना फिरवला. शनिवारी आम्ही टेबल हलवलं. बापू स्वतः एक पाय धरायला आले होते, हेही सांगायला हवं.

यावर कुणाला वाटेल, शेवट गोड झाला. गोड वगैरे काही नाही. माझ्या नोटिशीचं उत्तर मी दोन पानी दिलं, त्यावर "सक्त ताकीद देण्यात येत आहे" असा शेरा आला आणि तो माझ्या सेवापुस्तकात निवृत्तीपर्यंत राहिला. अदलाबदलीची बातमी छापून आली ती "अध्यक्षांच्या दूरदृष्टीमुळे महिलांची सोय" अशी. आबांना शाल मिळाली. डॉक्टर मॅडमला पुढच्या वर्षी दुसरीकडे पाठवलं. आराखडा काढणाऱ्यांना, मंजूर करणाऱ्यांना, "विशेष समाधान" लिहिणाऱ्याला कुणी एक ओळीचं पत्रसुद्धा धाडलं नाही. आम्हा नर्सांना लोक देवी म्हणतात, माउली म्हणतात. पाय धरतात. मला पाय धरून घ्यायचे नव्हते. आराखडा टेबलावर असताना मला बोलवायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं होतं, आणि आजही आहे.

टोळी पुढच्या फडावर जायच्या आधी कौसल्या पोरीला दीड महिन्याची लस द्यायला आली. मी तिला मुद्दाम नवी खोली दाखवायला नेलं, संडासाचं दार उघडून दाखवलं. म्हटलं, हे तुझ्यामुळे झालं. ती उंबऱ्याच्या आत आलीच नाही. चपला बाहेर काढून, पोरीला छातीशी धरून तशीच उभी राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, त्या दिशी म्या तुमची फरशी घाण केली. माझ्यापायी तुम्हाला बोलणं खावं लागलं. माफी करा."

त्या सगळ्या प्रकरणात माफी मागणारी ती एकटीच.